पोत्याने काय घ्यावे, पुड्याने काय घ्यावे

मार्च महिना उजाडून जिराईत भागातील ज्वारीची खळी उरकत आली आणि भुसार बाजारात नव्या गव्हाची आवक सुरू झाली, की बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: वर्षाची बेगमी मार्केट यार्डातील भुसार व्यापाऱ्याकडून करावी, की जेथे ढकलगाडी घेऊन हिंडावे आणि मीठमिरचीपासून मुलांच्या पायमोज्यांपर्यंत सर्व काही एका छपराखाली गोळा करून आणावे, अशा गोदामवजा प्रशस्त दुकानातून करावी? राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली मुंबईत पवईला डी-मार्टचे पहिले दुकान थाटले, त्यानंतरच्या दोन दशकांत हा प्रकार महानगरांतून तालुक्यांच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला, आणि ज्या घरांत पूर्वी वाण्याचे खाते आणि धान्याची कोठी एवढ्या दोनच संस्था होत्या, तेथे आता पर्यायांचा गोंधळ माजला आहे.

प्रश्न दुकानाचा नाहीच, जिन्नसाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकच दुकान सर्व वस्तूंना स्वस्त असेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. आणि मोठ्या परिमाणात घेतलेली प्रत्येक वस्तू स्वस्त पडते, हा समज तर त्याहूनही महाग पडणारा आहे. यास्तव आपण प्रथम घरचा खप, नंतर जिन्नसाचा टिकाऊपणा, त्यानंतर हंगाम आणि सर्वांत शेवटी दुकान, या क्रमाने विचार करावा.

प्रथम घरचा खप मोजावा

पुष्कळ कुटुंबांत धान्य किती लागते हे विचारले असता "दोन पोती पुरतात" असे उत्तर मिळते; परंतु पोते पन्नास किलोचे की शंभरचे, त्यातून लेकीच्या सासरी किती गेले आणि पावसाळ्यात किडीमुळे जनावरांपुढे किती पडले, याचा ताळा कोणी ठेवलेला नसतो. खप मोजण्याची रीत सोपी आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस पिठाचे, डाळीचे, तांदळाचे आणि तेलाचे डबे वजन करून ठेवावेत, महिनाभर आणलेला माल त्यात मिळवावा आणि अखेरीस उरलेले वजा करावे. असे दोन महिने केले, की वर्षाचा अदमास पुरेसा विश्वसनीय येतो. समजा, दरमहा सहा किलो ज्वारी लागते. तर वर्षाचे बहात्तर किलो आणि सणवार-पाहुण्यांसाठी आठ-दहा किलो अधिक, एवढीच आपली गरज. तेथे दीडशे किलो भरून ठेवणे ही काटकसर नव्हे.

शिधापत्रिकेवर धान्य मिळणाऱ्या कुटुंबांनी ते या हिशेबात आधी धरावे. अंत्योदय योजनेत कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. घरात रेशनचा गहू-तांदूळ येत असताना बाजारातून पुन्हा वर्षाचा गहू भरणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत, आणि जूनमध्ये ज्याला पोरकिडे लागतात तो बहुधा दोहोंपैकी मागे पडलेला गहूच असतो.

दुसरा विचार टिकाऊपणाचा. कोणताही जिन्नस आपल्या घरी जितके दिवस पुरणार असेल, त्याच्या निदान दीडपट दिवस तो निर्दोष राहत असला, तरच तो मोठ्या परिमाणात घ्यावा, असा आमचा नियम आहे. याच्या जोडीला एक विचार वाहतुकीचा, जो हटकून विसरला जातो. इंदापुरातून बारामतीस मोटारीने जाऊन यावयाचे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरांची फेरी आणि आजच्या दराने सातशे रुपयांच्या आसपास पेट्रोल. तेव्हा खरेदीत हजार रुपये वाचले असे मानणाऱ्या गृहस्थाचे प्रत्यक्षात तीनशेच वाचलेले असतात, आणि तेवढ्यात मुलांनी मधल्या वाटेवर भेळ खाल्ली असेल तर तेही नाहीत. अन्य कामासाठी जाणे होणार असेल त्याच दिवशी ही खरेदी उरकावी.

धान्य: येथे भुसार बाजाराला तोड नाही

आपला प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. सुपे-मोरगावकडील जिराईत पट्ट्यात रब्बी ज्वारी आणि बाजरी, तर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि गहू, अशी पिकांची विभागणी असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला जो माल चार हात फिरून मिळतो, तो आपणास एक-दोन हातांनंतरच मिळू शकतो. हा भौगोलिक लाभ सोडून पुड्यात बांधलेले धान्य आणणे हे विहीर असता टँकर मागविण्यासारखे आहे. हंगामाचा क्रम असा ध्यानात ठेवावा:

- ज्वारी: फेब्रुवारी-मार्चमध्ये, मालदांडी मिळाल्यास उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्या नावाने कोठलीही ज्वारी विकली जाण्याचा संभव वाढला आहे. नावाला अधिक पैसे देण्यापूर्वी पाच किलो नेऊन भाकरी करून पाहावी.
- गहू: मार्च अखेर ते मे. रोजच्या पोळीसाठी लोकवन, मऊपणा हवा असल्यास मध्य प्रदेशातून येणारा सिहोर. खपली महाग असतो आणि त्याची मागणी सध्या औषधासारखी वाढली आहे. खिरीपुरता घ्यावा, अथवा सवय झाली असेल तरच वर्षाचा.
- बाजरी: दिवाळीच्या सुमारास, आणि केवळ हिवाळ्यापुरती. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू होऊ लागते, म्हणून ते कधीही दोन-चार दिवसांपेक्षा अधिकाचे दळून ठेवू नये. पिठाचा तयार पुडा तर घेऊच नये.
- तांदूळ: मावळातील इंद्रायणी आणि आंबेमोहोर डिसेंबर-जानेवारीत नवा येतो आणि तेव्हा त्याचा भात चिकट होतो, म्हणून लोक "जुना" तांदूळ मागून किलोमागे अधिक पैसे मोजतात. नवा तांदूळ हंगामाच्या भावाने घेऊन घरीच पाच-सहा महिने मुरविला, तर तेच काम फुकट होते.
- तूर व तूरडाळ: नवी तूर जानेवारीपासून बाजारात दिसते, डाळ फेब्रुवारी-मार्चपासून. चकचकीत, तेलाचा हात फिरविलेल्या डाळीपेक्षा बिनपॉलिशची मंद रंगाची डाळ घ्यावी.
- मिरची: मार्च-एप्रिलमध्ये देठासकट, ब्याडगी रंगासाठी आणि संकेश्वरी वा गुंटूर तिखटपणासाठी. ओलसर मिरची वजनाला जड भरते, हे पैसे पाण्याचे होत. मुठीत दाबल्यावर जी कुरकुरते ती कोरडी.

बाजार समितीच्या आवारात चालणारा लिलाव परवानाधारक खरेदीदारांसाठी असतो. तेथे उभे राहून आपणास बोली लावता येत नाही. घरगुती ग्राहकाने आवारातील भुसार गाळ्यांवर, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या थेट खळ्यावर खरेदी करावयाची असते. खळ्यावरचा माल स्वस्त पडतो, तथापि त्यात माती, कुसे आणि कोंडा असतो, तो चाळून-पाखडून घेण्याचे श्रम आणि येणारी तूट हिशेबात धरावी. निवडलेल्या गव्हाचा भाव किलोमागे दोन-तीन रुपयांनी अधिक असला, तरी ज्या घरात दोघेही नोकरीस जातात त्यांना तोच परवडतो.

गाळ्यावर भाव ठरविण्यापूर्वी पुढील गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात, कारण माल गाडीत चढल्यावर उपस्थित झालेल्या वादात ग्राहकाची बाजू नेहमीच लंगडी पडते:

- सांगितलेला दर हमाली व तोलाईसह आहे की त्याविना?
- बारदानाची वजावट होणार काय? तागाच्या रिकाम्या पोत्याचेही वजन अर्ध्या किलोहून अधिक भरते, ते धान्याच्या दराने विकत घेण्याचे कारण नाही.
- नमुना पोत्याच्या कोणत्या भागातून दाखविला? तोंडाशी असलेले दाणे नेहमीच सुरेख असतात. लोखंडी नळी खुपसून मधला आणि तळाचा नमुना काढावयास सांगावे.
- दाणा दाताखाली कटकन फुटतो की दबतो? दबणारा दाणा ओला होय. तो भाव कमी करून दिला तरी घेऊ नये.

ग्रामीण भागात अद्याप पायलीचे माप चालते. पायली म्हणजे चार शेर खरे, परंतु ते आकाराचे माप आहे, वजनाचे नव्हे. बाजरीची पायली आणि ज्वारीची पायली सारख्या वजनाच्या नसतात, आणि माप भरणाराचा हातही सर्वत्र सारखा नसतो. व्यवहार किलोतच करण्याचा आग्रह धरावा.

एक कराची बाब आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. १८ जुलै २०२२ पासून आधी बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. मात्र तो २५ किलोपर्यंतच्या पिशवीस आहे, सुट्या धान्यास व त्याहून मोठ्या पोत्यास नाही. यामुळेच पुष्कळ गिरण्यांनी २६ आणि ३० किलोंची पोती काढली. पंचवीस किलोची पिशवी आणि तीस किलोचे पोते शेजारी-शेजारी दिसले तर दर ताडून पाहावा. फरक कराचाच असण्याचा संभव असतो.

साठवण, अन्यथा सर्व श्रम व्यर्थ

एप्रिल-मेचे आपल्याकडील ऊन ही निसर्गाने दिलेली मोफत यंत्रणा आहे. गहू, ज्वारी व डाळी यांना दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. परंतु ऊन दिलेले गरम धान्य तसेच कोठीत भरू नये, रात्रभर सावलीत निवू द्यावे, अन्यथा बंद डब्यात त्याला घाम सुटून बुरशी धरते. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, दाणा तडकून कणी होते. त्यास सावलीतील वारा पुरे. कोठी भिंतीपासून वीतभर दूर आणि फळीवर ठेवावी. उजनीच्या फुगवट्यालगतच्या किंवा कालव्याकाठच्या गावांतील घरांत जमिनीस ओल असते, त्यांनी तर हा नियम मोडूच नये. वर्षाचे सर्व धान्य एकाच मोठ्या कोठीत न भरता तीन-चार लहान पिंपांत भरावे, म्हणजे वारंवार उघडले जाणारे एकच राहते आणि कीड लागली तरी एकाच हिश्शाला लागते.

कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हलका हात, कडधान्यास राख, हे जुने उपाय निर्धोक आहेत आणि बव्हंशी पुरतात. बोरिक पावडर तांदळास चोळण्याची प्रथा पुष्कळ घरांत आहे, ती आम्हास पसंत नाही. परंतु एका बाबतीत पसंती-नापसंतीचा प्रश्नच उद्भवत नाही: ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, तो प्राणघातक आहे, त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने बळी घेतलेले आहेत. गोदामांत प्रशिक्षित माणसांकरवी वापरावयाचे ते विष आहे. कोणी दुकानदार "एकच गोळी टाका, वर्षभर किडा नाही" म्हणून कागदात बांधून देऊ लागला, तर ती न घेता उठावे.

तेल: किलो आणि लिटर यांतील फरक

वाचकांची सर्वाधिक फसगत तेलाच्या डब्यात होते आणि ती कोणी लबाडी न करताही होते. बाजारात १५ किलोचा डबा असतो तसाच १५ लिटरचाही असतो. तेल पाण्याहून हलके. शेंगदाणा तेलाचे एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल असते. समजा, १५ किलोचा डबा २,७०० रुपयांस आणि १५ लिटरचा २,५५० रुपयांस मिळतो. दुसरा दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो. पण भागाकार केला असता पहिला किलोस १८० रुपये आणि दुसरा जवळजवळ १८७ रुपये पडतो. पिशव्यांतही हेच. लिटरची भासणारी पिशवी कधी ९१०, कधी ८५० ग्रॅमची असते. प्रत्येक वेळी वेष्टनावरील ग्रॅमचा आकडा वाचावा आणि त्यानेच किमतीस भागावे.

अखंड डबा कुटुंब मोठे असेल तरच घ्यावा. उघडलेले तेल उजेड, उष्णता व हवा यांनी खवट होत जाते. दोन-अडीच महिन्यांत जे संपणार नाही ते पिशव्यांतून घेणे श्रेयस्कर. सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि लाकडी घाण्याच्या नावाने जुन्या डब्यात ओतून दिलेले तेल हे त्याच सदरात मोडते. घाण्याचे तेल घ्यावयाचे तर अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक, तारीख व वजन छापलेल्या बंद डब्यातूनच घ्यावे. शेंगदाणे आणि सुके खोबरे यांनाही खवटपणाची हीच भीती. शेंगा टरफलासकट ठेवल्या तर टिकतात. सोललेले दाणे पावसाळ्यात महिन्याभरापेक्षा अधिकाचे ठेवू नयेत, आणि बुरशी दिसलेला दाणा भाजून वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील विष भाजल्याने पुरते जात नाही.

साखर, गूळ आणि कांदा

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, एवढे सहकारी कारखाने ज्या दोन तालुक्यांच्या परिसरात आहेत, तेथील सभासदाने साखर दुकानातून आणण्यापूर्वी कारखान्याकडून सवलतीची साखर केव्हा व किती मिळते, याची चौकशी आपल्या गटकार्यालयात करावी. साखर कोरडी ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकते. पोत्याने घेण्यास तिच्यासारखा निश्चिंत जिन्नस नाही, वैद्याने मना केले नसेल तर.

गूळ मात्र फसवा. गुऱ्हाळे चालू असताना हिवाळ्यात भाव चांगला असतो म्हणून लोक दोन-तीन ढेपा घेतात आणि आषाढात तो पाझरू लागला की वाटत सुटतात. एक ढेप पुरे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये पात पूर्ण वाळलेला, मान बारीक असलेला पाहून घ्यावा. हवेशीर ठिकाणी पसरून ठेवल्यास तो ऑक्टोबरपर्यंत राहतो. खरिपाचा लाल कांदा आठवड्याच्या बाजारातून आठवड्यापुरताच.

गोदामवजा दुकानातून काय घ्यावे

येथे फार लिहिण्याचे कारण नाही. जे नासत नाही आणि ज्याची नाममुद्रा सर्वत्र एकच असते, ते येथून घ्यावे: अंगाचा व कपड्यांचा साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, मीठ, सॅनिटरी नॅपकिन, भांडी घासण्याचे साहित्य, वह्या, पंचे-चादरी. अंगाचा साबण तर वेष्टन काढून महिनाभर वाळविला की अधिक पुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट व शांपू यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. धुण्याच्या पावडरीवर तो १८ टक्केच राहिला. चहा आपण पितो तोच मिळत असेल तर तीन महिन्यांचा घेण्यास हरकत नाही.

येथून मोठ्या परिमाणात घेऊ नयेत अशा वस्तू: दळलेले मसाले, रवा-मैदा-पोहे (पावसाळ्यात जाळी धरते), बिस्किटे आणि फरसाण. शेवटच्या दोहोंविषयी एवढेच, की घरात दहा पुडे असले म्हणजे दहाही त्याच महिन्यात संपतात. बचत होत नाही, भूक वाढते.

फसगतीच्या जागा

१. *मोठा पुडा म्हणजे स्वस्त पुडा, हा समज.* २०२२ पासून बंद पुड्यांवर एकक विक्रीमूल्य, म्हणजे ग्रॅमचा वा किलोचा दर, छापणे बंधनकारक झाले आहे. बारीक अक्षरांतील तोच आकडा वाचावा. पाच किलोच्या पिशवीचा दर एक किलोच्या पाच पुड्यांहून अधिक निघाल्याचे वारंवार आढळते.

२. *वजनाची परिमाणे.* त्याच सुमारास ठरावीक वजनातच पुडे बांधण्याचे बंधन उठले. त्यामुळे किलोच्या आकाराचा पुडा ९०० वा ८५० ग्रॅमचाही असू शकतो, आणि तो बेकायदा नसतो.

३. *एकावर एक मोफत.* आधी तारीख पाहावी. मुदत संपत आलेला माल काढून टाकण्याची ही जुनी तजवीज आहे. ज्याला महिन्यात दोन्ही पुडे संपविता येतील त्याने खुशाल लाभ घ्यावा.

४. *छापील किमतीवरील सूट.* छापील किंमत ही कमाल किंमत होय, योग्य किंमत नव्हे. गावातला वाणीही पुष्कळदा तिच्याखाली विकतो. तुलना छापील किमतीशी न करता वाण्याच्या प्रत्यक्ष दराशी करावी.

५. *व्यापाऱ्यांची घाऊक दुकाने.* २००३ साली बंगळुरात आलेली आणि २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलने घेतलेली मेट्रो कॅश अँड कॅरी हे या जातीचे ठळक उदाहरण. तेथील सभासदत्व व्यावसायिकांसाठी असते. एखाद्या स्नेह्याच्या दुकानाच्या नावावर तेथे घरची खरेदी करण्याची युक्ती सुचविली जाते. बिल त्याच्या पेढीच्या नावे निघते, आणि माल सदोष निघाल्यास ग्राहक म्हणून उभे राहण्याचा आपला आधार नाहीसा होतो. अमेरिकेतील आपले आप्त कॉस्टकोची जी वर्णने करतात, ती या प्रकारास लावू नयेत. तेथे वार्षिक वर्गणी भरून कोणताही गृहस्थ सभासद होऊ शकतो, आणि ती वर्गणी वसूल होते की नाही हा त्यांचाही वादाचा विषय असतो.

चार घरांची एकत्र खरेदी

लहान कुटुंबास पोते नको असते आणि पोत्याचा भाव हवा असतो. यावर उत्तम तोड महाराष्ट्रातच निघालेली आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात उभ्या केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि तिने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून सामुदायिक खरेदी व वाटपाची पद्धत रूढ केली. आपल्या गल्लीत, सोसायटीत किंवा एमआयडीसीतील सहकाऱ्यांत पाच-सहा कुटुंबे जमल्यास तसेच करता येईल. अट एवढीच, की मागणी लेखी असावी, पैसे आगाऊ जमा व्हावेत, माल घेताना निदान दोन घरची माणसे हजर असावीत, आणि वाटप वजनकाट्यावर सर्वांसमक्ष व्हावे. तूट येईल ती सर्वांनी प्रमाणशीर सोसावी, हे आधीच ठरवावे; पुष्कळ गट अर्ध्या किलो डाळीवरून मोडतात.

आपले हक्क आणि तक्रारीची रीत

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यातील खरेदीशी निगडित तरतुदी अशा:

- बिल देण्यास नकार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भुसार गाळ्यावरही पक्के बिल मागावे. चिठोऱ्यावरचा आकडा पुरावा म्हणून लंगडा.
- "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावून सदोष माल परत घेण्याचे नाकारता येत नाही. बिलात मुदत दिली असेल त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.
- छापील किमतीहून अधिक आकारणी करता येत नाही; "शीत केल्याचे" म्हणून वर पैसे मागणेही त्यातच येते.
- पूर्वसूचना न देता पिशवीचे पैसे बिलात लावणे अनुचित असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये दिला आहे. घरची कापडी पिशवी नेणे अर्थातच त्याहून सोपे.
- बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये विक्रेत्यांना दिली आहे.

वजनात तूट, पडताळणीचा शिक्का नसलेला काटा, वा पुड्यावर वजन-किंमत-तारीख नसणे, ही तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करावी. भेसळ, मुदतबाह्य खाद्यपदार्थ व सुटे तेल यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५. कोठे जावे हे न कळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. तेथे मराठीतूनही बोलता येते, आणि बरीच प्रकरणे विक्रेत्याला तेथून गेलेल्या विचारणेनेच मिटतात.

तेवढ्यानेही दाद न लागल्यास पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही, वकील देण्याची सक्ती नाही, दुकान परगावचे असले तरी आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. बिल, वेष्टन आणि उरलेला माल हे तिन्ही जपून ठेवावेत; धान्यात कीड वा खडे निघाले असतील, तर पोते उघडतानाच शेजाऱ्यासमक्ष छायाचित्र घ्यावे आणि तारखेसह विक्रेत्यास लेखी कळवावे, कारण चार महिन्यांनी दाखविलेली कीड दुकानात लागली की आपल्या कोठीत, हे कोणत्याही आयोगास ठरविता येणार नाही.